माझा एक गुण आणि आंजीच्या बाईजी

साऱ्या वर्धा जिल्ह्यात त्या काळी स्वतःला चांगलं म्हणणारं माणूस एकच होतं, आणि ते माझ्या वाट्याला नणंद म्हणून आलं होतं. बाकी सगळा जिल्हा नम्र होता. नम्र म्हणजे किती, तर नळावर दोन बाया भेटल्या तरी आधी 'माझ्यात काही अर्थ नाही' हे एकमेकींना पटवून देत आणि मग घागर लावत. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. वर्ध्यात घरोघरी चरखे फिरत होते. कोणी मीठ सोडलं होतं, कोणी चप्पल सोडली होती, कोणी राग सोडला होता आणि तो सोडल्याचं इतरांना रागारागानं सांगत होतं. मी वाईट, मी अपुरा, मी सगळ्यांत लहान, असं म्हणण्याची गावात नुसती चढाओढ लागली होती. अशा या गावात दर हंगामाला आंजीहून कापसाच्या गाडीवर बसून एक उंच, सावळी, खणखणीत आवाजाची बाई येई, आमच्या ओट्यावर पाय धुई आणि उंबरा ओलांडता ओलांडता म्हणे, "आली बाप्पा मी! आता या घराले जरा घरपन येईन."

या माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. आम्ही सगळे त्यांना बाईजी म्हणत असू. आंजी मोठी या गावी दिलेल्या, घरची शेती, पोटी मूलबाळ नाही, आणि नवरा असा अबोल की त्याचा आवाज फक्त बैलांना ठाऊक. आमच्याकडच्या खेड्यातल्या बाया 'मी करतो, मी सांगतो' असंच बोलतात, तशाच त्याही बोलत. वर आवाज असा की ओसरीवर बोलल्या तरी चार घरं ऐकत. मी नवी नवरी असताना मला त्यांची धडकीच भरे.

बाईजींचं स्वतःशी फार चांगलं जमे. बेसनाच्या पाटोडीचा रस्सा त्यांनी करावा, ताटं वाढून व्हावीत, आणि आम्ही पहिला घास तोंडात घालायच्या आत त्यांनीच तळहातावर चमचाभर घेऊन चाखावा, डोळे मिटावेत आणि म्हणावं, "वा वा वा! काय हात हाये बाप्पा माह्या!" आता यावर आम्ही काय बोलणार? आमच्या वाटणीची तारीफसुद्धा त्याच खाऊन बसलेल्या असत. पण पुरणाची पोळी लाटताना त्यांची हटकून फाटे. मग त्या पोळपाट माझ्यापुढे सरकवत. "हे काम माह्यं नाई. पुरन तुह्यं. माह्यी पोळी म्हनजे उंदरानं खाल्लेलं धोतर." रस्सा चांगला होतो हे ज्या सुरात सांगत, त्याच सुरात पोळी फाटते हेही सांगत. एका गोष्टीचा तोरा नाही, दुसरीची खंत नाही. मला मात्र तो सगळा निव्वळ गर्विष्ठपणा वाटे. गर्विष्ठ माणसाची पोळी कधी फाटतच नाही, हे मला फार उशिरा कळलं.

देवाशीही त्यांचं बोलणं याच थाटाचं. दिवेलागणीला आपण सगळे देवापुढे काय म्हणतो? चुकलंमाकलं पोटात घाल. बाईजी हात जोडून देवाला दिवसभराची खबर देत. "देवा, आज शेजारच्या म्हातारीले आंघोळीले पानी तापवून देल्लं. तिची पाठ बी घासून देल्ली. तू पाह्यलं असशीनच, पन तुले बी लय घरं पाहा लागते, म्हनून सांगून ठेवतो." एकदा मला हसू आवरलं नाही. त्या मागे वळून म्हणाल्या, "हासतं काऊन? चुका सांगाले सारं गाव हाये त्याच्यापाशी. त्यालेबी कधी बरं वाटू दे की नाई?"

कारंज्याच्या मोटारीतला प्रसंग तर मी स्वतः पाहिलेला आहे. आम्ही दोघी एका लग्नाला निघालो होतो. मोटार खचाखच भरलेली. एक म्हातारेबुवा दांडीला धरून उभे होते. बाईजींनी उठून त्यांना आपली जागा दिली. इथवर ठीक. पण मग त्या सगळ्या मोटारीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाहा बरं! मी जागा देल्ली! माह्या बी गुडघा दुखते, तरी देल्ली!" मी पदरात तोंड लपवलं. पण झालं काय, की समोरचा एक पैलवान गडी खजील होऊन उठला. त्याच्या मागचा उठला. बाईजी प्रत्येकाला म्हणत, "शाबास! चांगलं केलं बाप्पा तू!" आणि ते शाबास ऐकायला आणखी दोघे उठले. खोटं वाटेल, पण कारंजं येईतो अर्धी मोटार उभी होती आणि बसायला कोणी तयार नव्हतं.

आता माझं सांगते. मी मराठी सातवी पास झालेली. मास्तरीण व्हावं ही एकच इच्छा मनात धरून बसलेली. मास्तर तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलचा अर्ज वडिलांनी आणूनही ठेवला होता, पण त्याच वैशाखात लग्न ठरलं आणि तो अर्ज लोणच्याच्या बरणीखाली अंथरला गेला. यजमान कचेरीत कारकून. माणूस देवासारखा, खादीधारी, आवाज कधी चढला नाही. पण मुलं झाल्यावर त्यांनी घरात एक नेम घालून दिला होता. संध्याकाळची प्रार्थना झाली की घरातल्या प्रत्येकानं त्या दिवशीचा आपला दोष सर्वांसमोर सांगायचा. मन निर्मळ होतं म्हणे. यांचा दोष रोज एकच असे, 'आज मनात आळस आला.' झालं, सुटले! माझी मात्र यादी. पहिल्या महिन्यात मला दोष शोधावे लागत. मग जमू लागलं. मग सराव झाला. वर्षभरात अशी तयार झाले की यांनी 'हं' म्हणायचा अवकाश, मी सुरू. दूध उतू गेलं, मुलावर ओरडले, मनात शेजारणीच्या बांगड्यांचा हेवा आला. रोज सांगून सांगून एक दिवस मला ते सगळं खरंच वाटायला लागलं. मी म्हणजे दूध उतू घालवणारी, ओरडणारी, हेवा करणारी बाई. मास्तरीण व्हायची इच्छा कुठे गेली ते विचारायलाही मी मनात फिरकले नाही.

एका हंगामाला बाईजी या प्रार्थनेत सापडल्या. भजन त्यांनी सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं आणि वर "गळा माह्या आजबी साजरा हाये" हेही सांगितलं. मग हे म्हणाले, "बाईजी, आता आजचा दोष सांगा."

बाईजींनी खूप विचार केला. अगदी मनापासून केला. शेवटी म्हणाल्या, "आजचा तं नाई सापडत बाप्पा. उद्या एखांदा करून ठेवतो. आज चांगलं सांगू काय?"

हे गोंधळले. त्यांच्या नेमात हे बसत नव्हतं, पण थोरल्या बहिणीला नाही कसं म्हणणार? बाईजींनी धडाधड चार गोष्टी सांगितल्या आणि माझ्याकडे वळल्या. "आता वयनी, तू सांग. आज काय चांगलं केलं?"

मी तोंड उघडलं. आवाज नाही. खरं सांगते, मला दुसरं काहीही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पाचचा पाढा, कृष्णाची नावं, यांचं नाव उखाण्यात. हे मात्र येईना. काय केलं होतं मी चांगलं? दिवसभर काम केलं, पण ते काय चांगलं, ते तर कामच. मी खाली बघत बसले आणि डोळ्यांतून टपटप पाणी पडायला लागलं.

बाईजी एरवी कोणाच्या रडण्यानं विरघळणाऱ्या नव्हत्या. पण त्या उठल्या आणि भावावर कडाडल्या. "काऊन रे, काय करून ठेवलं या पोरीचं? किडके दाने वेचता वेचता साऱ्या सुपाचा उकिरडा केला! अरे, कास्तकार बी चांगला दाना ओळखून बियान्याले येगळा ठेवते. चांगला कोनता हेच मालूम नसन तं पुढच्या साली पेरशीन काय?" मग माझ्याकडे वळून हळू बोलल्या, आणि त्यांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. "अवं, चांगलं असनं म्हनजे काई येगळं नसते. आपल्या हातून जे बरं होते ते ओळखाव, अन् तेच जास्त कराव. बस. पन ओळखाव तं लागन ना?"

त्या दिवसानंतर प्रार्थनेत माझी यादी जरा आखूड झाली, इतकंच. सवय अशी एका कडाडण्यानं जात नसते.

पुढच्याच वर्षी आमच्या मोहल्ल्यात बालवाडी निघायची ठरली. महिलांची एक समिती होती, तिला सातवी झालेली बाई हवी होती. मला ही बातमी नळावर कळली आणि घागर भरून वाहू लागली तरी मी तिथेच उभी. रात्रभर तोच विचार. हे म्हणाले, "जाऊन तर ये." बाईजी कापूस घेऊन आलेल्याच होत्या. त्यांनी तर माझं लुगडंही काढून ठेवलं आणि बरोबर निघाल्या.

शाळेच्या एका खोलीत सतरंजीवर तिघी बायका बसल्या होत्या. पांढरी लुगडी, शांत चेहरे, हातात टकळ्या. बाईजी बाहेर पायरीवर बसल्या, खिडकीखालीच. मी आत जाऊन नमस्कार करून बसले. मधल्या अध्यक्षाबाई प्रेमानं म्हणाल्या, "तुमच्याविषयी काही सांगा बाई."

काय झालं मला कळलं नाही. ती सतरंजी, ती पांढरी लुगडी, तो सूर. माझे हात आपोआप जोडले गेले, डोळे मिटले आणि जीभ आपल्या रोजच्या वाटेनं निघाली. "आज सकाळी धाकट्यानं भात सांडला म्हणून त्याला चापट मारली. दूध उतू घालवलं. काल शेजारणीनं विरजण मागितलं, ते घरात असून नाही म्हटलं. परवा प्रार्थनेत डुलकी लागली."

माझं संपलं. आणि मग, देवाशपथ, उजवीकडच्या बाईंनीही डोळे मिटले आणि म्हणाल्या, "मी आज सुनेला तिच्या माहेरावरून बोलले." डावीकडच्या म्हणाल्या, "मी एकादशीला चोरून चिवडा खाल्ला." अध्यक्षाबाईंनी मोठा सुस्कारा टाकला. "मी जे सूत माझं म्हणून दाखवते, ते माझी मुलगी कातते."

मग चौघींनी डोळे उघडले, आणि आपण कुठे, कशासाठी बसलो आहोत हे चौघींच्या एकदमच ध्यानात आलं. चिवडावाल्या बाई कानापर्यंत लाल झाल्या. अध्यक्षाबाईंनी टकळी पदराआड केली, घसा खाकरला आणि म्हणाल्या, "तुमचा प्रामाणिकपणा मोठा आहे बाई. पण लहान लेकरांचं काम, तिथे चापट म्हणजे... बघू, कळवू आम्ही."

मी बाहेर आले. पायऱ्या दिसेनात. बाईजींनी सगळं ऐकलं होतं. कपाळावर हात मारून त्या म्हणाल्या, "अवं माय माय माय! त्याहिनं इचारलं काय, अन् तू सांगून राह्यली काय!"

"बाईजी, तुम्ही जा ना आत," मी त्यांचा हात धरला. "तुम्ही सांगा माझ्याबद्दल. तुम्हाला येतं हे. मला ही बालवाडी हवी आहे हो. दुसरं काही नको मला आयुष्यात."

बाईजी पदर खोचून उठल्याच. दोन पायऱ्या चढल्या. मला वाटलं, आता समितीचं काही खरं नाही. पण त्या थांबल्या, मागे फिरल्या आणि परत खाली येऊन बसल्या.

"नाई. म्या सांगतलं तं ते नंदेचं बोलनं होईन. उद्या पोट्टे तुह्यापुढं बसतीन का माह्यापुढं? तूच सांग. येकच सांग, पन खरं सांगजो. येकाच्या वर सांगशीन अन् खोटं असन, तं मी इथून खिडकीतून वरडीन."

"पण काय सांगू?"

"ते मी काऊन सांगू? धाकट्याले चापट मारली, हे सांगतलं. मंग काय केलं?"

मी पुन्हा आत गेले. तिघी उठायच्या बेतात होत्या. मी बसलेसुद्धा नाही. "मला एक सांगायचं राहिलं," मी म्हटलं. "चापट मारली तेही खरं. पण नंतर त्याला कडेवर घेतलं, गाणं म्हटलं, आणि तो हसला. रडणारं मूल मी कडेवर घेतलं की ते शांत होतं. कोणाचंही."

"नेहमी?" अध्यक्षाबाईंनी विचारलं.

मी खिडकीकडे बघितलं. "नेहमी नाही," मी म्हटलं, "पण पुष्कळदा."

खिडकीतून काही आवाज आला नाही. अध्यक्षाबाई हसल्या. "हे आधी का नाही सांगितलं?" हे मला पाच मिनिटांपूर्वीपर्यंत माहीतच नव्हतं. मूल कडेवर घेतलेलं माहीत होतं, गाणं म्हटलेलं माहीत होतं. ते माझ्यातलं चांगलं आहे, हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

आठ दिवसांनी निरोप आला आणि मी बालवाडीची बाई झाले. त्या संध्याकाळच्या प्रार्थनेत हे जरा वेळ चुळबुळले आणि लाजत लाजत म्हणाले, "मी... मी कचेरीत खेड्यावरून आलेल्या माणसाला उद्या ये म्हणून परत पाठवत नाही." बाईजींनी भावाच्या पाठीवर अशी थाप मारली की यांचा चष्मा खाली आला. "पाहा! एवढा साजरा भाऊ हाये माह्या, अन् मलेच मालूम नवतं!"

मी पुढे पुष्कळ वर्षं मुलांना शिकवलं. आमच्या बालवाडीत घरी जाण्याआधी प्रत्येक लेकरू आपलं एक चांगलं सांगे. मी आज नाक पुसलं. मी आज गंगीला ढकललं नाही. मी हसू दाबत ऐके आणि मनात म्हणे, बाईजी असायला हव्या होत्या.

त्या होत्या तेव्हाचं एक राहिलंय. ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही, आणि तेच सांगायला जीभ रेटत नाही.

बालवाडीला पाच-सहा वर्षं झाली असतील. बाईजी हंगाम नसताना आल्या, ऐन उन्हाळ्यात, डॉक्टरला दाखवायला. किती वाळल्या होत्या! आवाज मात्र होता. हे आणि भाऊजी, म्हणजे बाईजींचे यजमान, औषध आणायला गेले होते. उन्हं उतरल्यावर त्या गाडीनं परत जाणार होत्या. सुट्या होत्या, मुलं आजोळी गेलेली, घरात आम्ही दोघीच. बाईजी गार फरशीवर पडल्या होत्या, मी शेजारी बसून गहू निवडत होते. मध्येच त्या म्हणाल्या, "वयनी, मी चांगली हाये का वं?"

मला हसू आलं. मला वाटलं, थट्टाच करतायत. "हे तुम्ही मला विचारता?" मी म्हटलं. "तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? तुम्हीच सांगा."

त्याही हसल्या. "रस्सा माह्या चांगला," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या मानसाचं करतो मी. भिडस्त नाई मी." एवढं बोलून थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "अन्?"

"अन् काय बाईजी, संपणार आहे का तुमची यादी? दमाल. पडा जरा." असं म्हणून मी त्यांच्या डोक्याखालची उशी सारखी केली आणि पुन्हा गहू निवडायला लागले.

संध्याकाळी गाडी आली. मी "या हं लवकर" म्हटलं. त्या "येतो" म्हणाल्या. महिनाभरानं आंजीहून माणूस निरोप घेऊन आला.

मला तेव्हा माहीत नव्हतं असं मुळीच नाही. त्या 'अन्'च्या पुढे काय यायला हवं ते मला तोंडपाठ होतं. ज्या बाईला स्वतःचं लेकरू नव्हतं, तिनं माझ्या कडेवरचं लेकरू हसताना पाहिलं होतं, जराही हेवा न करता पाहिलं होतं, आणि ते माझ्यातलं चांगलं आहे हे मला दाखवून दिलं होतं. आंजीला कोणी त्यांना कधी बरं म्हटलं नसावं. भाऊजी तर बोलतच नव्हते. आम्ही सगळे हसायचो, कारण त्या स्वतःच सगळं सांगून टाकायच्या, आणि आम्हाला वाटायचं की यांना काही ऐकायची गरजच नाही. एकदाच, फक्त एकदा, त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मागितलं, आणि नेमकं ते माझ्याकडे मागितलं.

बाईजी, तुम्ही फार चांगल्या होत्या. केवढंसं वाक्य आहे हे. म्हणायला एक श्वास लागतो. त्या दिवशी माझ्याजवळ अख्खी दुपार होती.